एक केसभर लाल

साडेनऊला वर्गाच्या ग्रुपवर विभागप्रमुख बाईंचा निरोप आला आणि धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. "बाहेरच्या परीक्षकांची कंबर धरली आहे. आपल्या विनंतीला मान देऊन त्यांच्या जागी चित्रकार स्वतः येत आहेत. अकरा वाजता. आपापले फलक नीट लावून ठेवावेत." चित्रकार म्हणजे कोणते, हे बाईंनी लिहिलं नव्हतं. तशी गरजही नव्हती. त्या डिझाईन कॉलेजात चित्रकार म्हटलं की एकाच माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. लहान मुलांची चाळीस पुस्तकं ज्यांनी रंगवली, ते चित्रकार.

धाकटी हे तिचं घरातलं नाव. ते कॉलेजातही चिकटलं, कारण तिची आई फोनवर बोलते तेव्हा फोनची तशी गरज नसते. धाकटी शेवटच्या वर्षाला होती, आणि तेही दुसऱ्यांदा. मागच्या वर्षी बाईंनी तिची चित्रं एका हाताच्या अंतरावर धरून पाहिली होती आणि म्हणाल्या होत्या, "हे तुझं नाही. हे चित्रकारांचं आहे. स्वतःची शैली घेऊन ये, मग बघू." बाईंना मुलं आपसांत खोडरबर म्हणायची. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कागदावर सहसा काही शिल्लक राहत नसे.

या वेळी मात्र नापास होऊन चालणार नव्हतं. एका प्रकाशकाकडे तिची नोकरी ठरली होती, पण पदवीचा कागद दाखवला तरच, आणि तिसरी संधी कॉलेज देत नव्हतं. म्हणून वर्षभर तिने स्वतःच्या हाताने स्वतःच्या आवडीचा गळा दाबला होता. चित्रकार प्राणी काढत, हिने माणसं काढली. त्यांची पात्रं गुबगुबीत, हिची हडकुळी. विषय घेतला केशकर्तनालयाचा. बारा चित्रं, बारा गिऱ्हाइकं. कोणी खुर्चीत घोरतंय, कोणी आरशात टक्कल मोजतंय, एक मुलगा कात्री बघून भोकाड पसरतोय, आणि प्रत्येकाच्या गळ्याभोवती न्हाव्याची लाल चादर.

सगळं बदललं, पण तो लाल काही बदलेना. चित्रकारांच्या पुस्तकांत लाल रंग कधीच रेषेच्या आत बसत नसे. एक केसभर बाहेर सांडलेला असायचा. एका बाजूला पांढरी फट, दुसऱ्या बाजूला रेषेपलीकडे निसटलेला रंग. धाकटी सहा वर्षांची असल्यापासून त्या फटीच्या प्रेमात होती. लाल रेषेच्या आत बसवून पाहिला की तिची माणसं फोटोसाठी श्वास रोखून धरल्यासारखी दिसायची. शेवटी तिने तो सांडू दिला. वर, खबरदारी म्हणून, फलकाच्या सुरुवातीला सहीनिशी चिकटवलं, 'माझ्या कामावर कोणत्याही कलाकाराचा प्रभाव नाही.'

आता तो कोणताही कलाकार अकरा वाजता येणार होता.

तिने दादाला फोन लावला. दादा चष्म्याच्या दुकानात होता.

"दादा, मेले मी. ते स्वतः येतायत."

"कोण?"

"ज्यांचं मी ढापलंय ते."

दादाने मागे गिऱ्हाइकाला "हे वाचता येतंय का" असं विचारलं आणि मग म्हणाला, "मग तो लाल पुसून टाक ना."

"पोस्टर कलर आहे तो. पुसायला गेलं की पसरतो."

"वरून पांढरा लाव. आणि रडू नकोस. मी बघतो काहीतरी."

दादाचं "मी बघतो काहीतरी" हे वाक्य घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर एकदा गिझर बदलावा लागला होता. पण धाकटीला त्या वेळी ते आठवलं नाही. तिने पांढऱ्या रंगाची बाटली उघडली आणि घोरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या चादरीबाहेर सांडलेला लाल झाकायला घेतला. पांढऱ्याखालून लाल वर आला. दोघं मिळून गुलाबी झाले आणि ओघळले. घोरणारा माणूस आता घोरत नव्हता, त्याचा गळा चिरलेला दिसत होता. तिने घाबरून दुसरं चित्र घेतलं, मग तिसरं. सव्वादहापर्यंत तिच्या केशकर्तनालयात तीन खून झाले होते.

शेजारच्या फलकावरची मैत्रीण डोकावली. "हे नवीन आहे का?" तिने जपून विचारलं.

धाकटीने ती तीन चित्रं काढून टेबलाखाली सरकवली. उरली नऊ. ती तशीच ठेवायची आणि प्रभावाबद्दल विचारलं तर कानावर हात ठेवायचे, असं तिने ठरवलं. माणूस पंचाहत्तरीचा आहे, कदाचित दिसतही नसेल नीट. इतकी दुष्ट आशा तिने आयुष्यात कधी केली नव्हती आणि तिची तिलाच लाज वाटली.

अकराला दहा मिनिटं कमी असताना जिन्यावरून एक आवाज आला. तो आवाज तिच्या आईचा होता.

"अहो सर, काय सांगू तुम्हाला, सहा वर्षांची होती तेव्हापासून तुमचं पुस्तक उशाशी घेऊन झोपते. आजारी पडली तरी औषधाआधी पुस्तक. मी म्हटलं, आज सही घेतल्याशिवाय जायचं नाही. मला हिच्या दादाने रिक्षात बसवून दिलं, म्हणाला, आई, तू पुढे हो, कलाकार माणूस आहे, कौतुकाने विरघळतो."

दारात आई उभी होती. तिच्या शेजारी चित्रकार, त्यांच्या हातात ते पुस्तक, आणि मागे बाई. धाकटीच्या कल्पनेत चित्रकार म्हणजे विस्कटलेले केस आणि रंगांनी माखलेला सदरा. हा माणूस इस्त्रीच्या घडीतून नुकताच बाहेर काढल्यासारखा होता. खिशात दोन पेन्सिली, दोन्ही सारख्याच उंचीच्या. खुर्ची पुढे केल्यावर त्यांनी ती आधी रुमालाने पुसली.

"हीच आमची धाकटी," आई म्हणाली. "डोळे बघा कसे झालेत. झोपली नसेल."

बाईंनी फलकावरची ती सहीची ओळ वाचली. मग पुन्हा वाचली, या वेळी मोठ्याने. "कोणत्याही कलाकाराचा प्रभाव नाही." त्या आईकडे वळल्या. "उशाशी घेऊन झोपते, असं म्हणालात ना?"

"अजूनही," आई अभिमानाने म्हणाली.

धाकटीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि शक्यतो दादालाही सोबत न्यावं. बाईंचा आवाज शांत होता, आणि त्या शांत असल्या की वर्ग पंख्याकडे बघायचा. "सर, मी बावीस वर्षं तुमच्या लाल रंगावर व्याख्यान देते आहे. रेषेची हद्द ओलांडणारा लाल, चौकट मोडण्याचं धाडस. हे धाडस तुमचं आहे, ते कोणी सहीनिशी स्वतःचं म्हणून लावावं, हे मला पटत नाही. ही चित्रं पाहा आणि तुम्हीच सांगा. तुमच्या एका शब्दावर निकाल आहे."

चित्रकार उठले. चष्मा चढवून पहिल्या चित्रासमोर गेले. मग दुसऱ्या. त्यांची मान ताठ होत गेली. पाचव्या चित्राशी ते थांबले, नाक कागदाला लागेल इतके वाकले आणि सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता.

"हे," ते म्हणाले, "हे तू हाताने केलंस?"

"हो सर," धाकटी पुटपुटली.

"मुद्दाम?"

"हो सर. माफ करा. मला तुमचा तो लाल..."

"माझा?" त्यांचा आवाज फाटला. "माझा नाही तो. आयुष्यात मी रेषेच्या बाहेर एक ठिपका टाकलेला नाही." त्यांनी आईने आणलेलं पुस्तक उघडून बाईंच्या नाकासमोर धरलं. "हा छापखान्याचा दोष आहे, बाई. छापताना प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते, त्यातली लाल सरकलेली आहे. प्रत्येक पुस्तकात. मूळ चित्रं माझ्या घरी आहेत, येऊन बघा, रंग कसा डब्यात झाकण बसावं तसा बसलाय. चाळीस पुस्तकं छापली त्या माणसाने आणि चाळीसही बिघडवली. मी प्रत्येक वेळी निषेधाचं पत्र लिहिलं."

बाई खाली बसल्या. खुर्ची पुसलेली होती, एवढंच त्यातल्या त्यात बरं झालं. "पण तुम्हाला मिळालेला पुरस्कार," त्या म्हणाल्या. "मानपत्रात लिहिलंय, मुक्त लाल..."

"मला वाटलं, ते माझ्या मनाबद्दल लिहिलंय," चित्रकार म्हणाले.

पकडली गेल्याचा धक्का धाकटीने सोसला असता, त्याची तिने सकाळपासून तयारी केली होती. पण जे तिने सहाव्या वर्षापासून उशाशी घेतलं, ते कोणी काढलंच नव्हतं. ती एका मशीनच्या चुकीच्या प्रेमात पडली होती.

चित्रकार मात्र पेटले होते. "थांबा. त्याला कळू दे, त्याने काय करून ठेवलंय. एक चांगली मुलगी बिघडली." त्यांनी फोन काढून पाठ असलेला नंबर दाबला आणि स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला. पलीकडचा म्हातारा छपाईवाला खणखणीत आवाजात बोलत होता.

"बोला साहेब. आज कोणता रंग?"

"तुमचं ते लाल सरकणं," चित्रकार म्हणाले, "इथे एका मुलीने हाताने काढून लावलंय. नऊ चित्रं. तुमच्या निष्काळजीपणाची लागण झाली आहे तिला."

पलीकडे खुर्ची करकरली. मग छपाईवाले म्हणाले, "निष्काळजीपणा नव्हता, साहेब. मीच सरकवायचो."

चित्रकारांनी फोन जवळ ओढला.

"आता छापखाना बंद झाला, मीही निवृत्त झालो, सांगायला हरकत नाही. तुमची चित्रं फार सुरेख. पण हलायची नाहीत. पहिल्या पुस्तकात चुकून प्लेट केसभर उजवीकडे गेली, आणि झाडावरचं माकड उडी मारायला लागलं. माझा नातू हसला. मग मी दर वेळी सरकवली."

"आणि माझी पत्रं?"

"सगळी जपून ठेवलीत. पत्र आलं की कळायचं, या वेळी बरोबर जमलंय."

चित्रकार खुर्ची शोधू लागले. तिच्यात बाई बसलेल्या होत्या, म्हणून ते टेबलाच्या कडेला टेकले, न पुसता. आईने त्यांना पाण्याची बाटली दिली आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही बोलली नाही.

बाईंनी स्वतःला सावरलं. व्याख्यान गेलं होतं, पण नियम शिल्लक होता. "म्हणजे ही शैली या मुलीची नाहीच," त्या फोनकडे वाकून म्हणाल्या. "तुमची आहे. नक्कल ती नक्कलच."

"कोण बोलतंय माहीत नाही," छपाईवाले म्हणाले, "पण आधी सांगा, पोरीचा लाल कुठल्या बाजूला गेलाय?"

सगळ्यांनी फलकाकडे पाहिलं. बाईंनी पुस्तक उचललं, चित्राशेजारी धरलं. पुस्तकातलं माकड उजवीकडे सांडलेलं होतं. न्हाव्याची चादर डावीकडे.

"डावीकडे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"सगळ्या चित्रांत?"

"सगळ्या."

"मग ते माझं नाही. डावीकडे मी कधी गेलो नाही. डावीकडे माणूस मागे ओढला जातो. माझी माकडं पुढे उडी मारायची. तिची काय करतात?"

बाईंनी नऊ गिऱ्हाइकांकडे नव्याने पाहिलं. नऊच्या नऊ, लहान आणि मोठी, आपापल्या खुर्चीत कात्रीपासून किंचित मागे सरत होती. "घाबरतात," बाई म्हणाल्या.

"डावीकडे का ग?" चित्रकारांनी धाकटीला विचारलं.

"माहीत नाही, सर. हात तिकडेच जातो."

"डावरी आहे ती," आईला राहवलं नाही. "मी किती प्रयत्न केले. वहीतली समासाची रेघही कधी पाळली नाही हिने."

बाई चित्रांच्या अगदी जवळ गेल्या. मागच्या वर्षीची चित्रं त्यांनी एका हाताच्या अंतरावर धरून पाहिली होती, आणि तिथून कुठलाच केस दिसला नव्हता. आता त्यांनी निकालाचा कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि चित्रकारांकडे पाहिलं. "सर, तुमचा शब्द?"

"माझं यात काही नाही, त्याचंही नाही," चित्रकार म्हणाले. "तिचंच आहे. पास करा, आणि ती सहीची ओळ तशीच राहू द्या."

बाईंनी सही केली. धाकटीचे डोळे भरून आले. आईने लगेच दादाला फोन लावला आणि सगळ्या मजल्याला निकाल कळला. मुलं धाकटीभोवती जमली, बाई पुढच्या फलकाकडे गेल्या. चित्रकार मात्र टेबलापाशीच रेंगाळले. गर्दी ओसरल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"माझं नवीन पुस्तक आलंय," ते हळूच म्हणाले. "कॉम्प्युटरवर छापलेलं. रंग अगदी रेषेच्या आत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला हवं तसं. कोणी हातात घेत नाही."

त्यांनी खिशातल्या पेन्सिली पुन्हा सारख्या केल्या.

"किती सरकवायचा असतो?" त्यांनी विचारलं. "दाखव जरा."

तिने एका कोऱ्या कागदावर पटकन एक माणूस काढला, त्याच्या गळ्याभोवती चादरीची रेषा ओढली आणि लाल रंगात बुडवलेला ब्रश त्यांच्या हातात दिला. चित्रकारांनी श्वास रोखला. ब्रश रेषेपाशी गेला, थबकला आणि रेषेच्या आतून कडेकडेने वळला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. रंग पुन्हा आतच राहिला, डब्यात झाकण बसावं तसा. कपाळावर घाम आला होता. त्यांनी रुमाल काढला, पण घाम पुसायचं विसरले.

"जमत नाहीये," ते म्हणाले.

"होईल, सर," धाकटीने त्यांच्यासाठी नवा कागद लावला. "पहिल्या वर्षाला सगळ्यांचं असंच होतं."