काळवीट हद्दपार जाहला आणि माघारी आला, त्याची बखर

श्री. प्रथम नमन विघ्नहरास, दुसरे नमन विद्युल्लतेस, जिची कृपा क्षणभर खंडली तर हे अवघे राज्य डोळ्यांपुढून नाहीसे होते. शके १९४३, प्लवनाम संवत्सरी, कार्तिकमासी या राज्यात जे वर्तले आणि पुढे तीन वर्षांनी त्याचा जो निवाडा जाहला, ते ऐकले-पाहिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहावयाची गरज नाही. हे राज्य भुईवर नव्हे. संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यात वसलेले, ज्यास लोक गेम म्हणतात. परंतु त्यात गड होते, फौजा होत्या, मानपान होते, आणि प्रजा तर सारी खरी होती, कोणी परभणीस, कोणी सांगलीस, कोणी पोटामागे अबूधाबीस जाऊन तेथून तलवार चालवीत असे. राज्याचे धनी दूरदेशी, त्यांचे मुखदर्शन कोणास जाहले नाही. त्यांनी प्रजेतूनच कोतवाल नेमिले होते, आणि आपल्या मुलुखाच्या तिघा कोतवालांत एक वैजयंतीबाई रेडीज होत्या. बाई चिपळूणच्या दंतवैद्य, वय बेचाळीस. दिवसभर लोकांच्या दाढा काढाव्या आणि दवाखान्यातून सवड मिळाली म्हणजे राज्यात येऊन तंटे तोडावे, ऐसा त्यांचा शिरस्ता. हात हलका, बोलणे थोडके, निवाडा जलद. आणि जलद निवाड्याचा बाईंस आत कोठे अभिमानही होता.

त्या साली तिरंदाजीचा मोठा सामना जाहला. अखेरच्या फेरीस दोघे उरले. एक सांगलीची नजमा मुजावर, मुलींस शिवणकाम शिकवीत असे, राज्यात तिचे नाव घार. अकरा महिने रोज शंभर बाण सोडून तिने हात बसविला होता. दुसरा काळवीट, हा परभणीकडील अंबादास डोईफोडे, एका कारखान्यात फिटर. दहा बाण, उडते लक्ष्य आणि आडवा वारा. नजमाचे नऊ लागले, काळविटाचे दहाही लागले, आणि सारी प्रजा काळविटाचा जयजयकार करू लागली, आणि काही टवाळांनी चॅटमध्ये घारीने आता शिलाई मशीनच चालवावे ऐसे लिहिले, ते शेकडोंनी वाचिले आणि हसले. तेव्हा नजमाने कोतवालीत अर्ज केला की, त्याचा सातवा बाण वाऱ्यात सुटला आणि हवेतच वळला, बाण ऐसा वळत नाही, चित्रण पाहावे. अर्ज आला तेव्हा बाईंच्या खुर्चीवर रोगी तोंड वासून बसला होता आणि बाहेर आणखी सहा होते. बाईंनी चित्रण पाहिले नाही. हातातील मोजा काढून सर्वांस दिसेल ऐसे चॅटमध्येच उत्तर लिहिले, "हरल्यावर सगळ्यांनाच असं वाटतं. पुढच्या वर्षी जोर लाव."  नजमा राज्यातून निघून गेली, आणि तिच्या नावापुढील हजेरीचा हिरवा ठिपका पुढे तीन वर्षे लागला नाही.

चार महिने गेले आणि धन्यांच्या माणसांनी एक चोरविद्या धरिली. एक लहानसा प्रोग्राम, मोबाइलात घातला की नेम आपणच धरी, खेळणाराने बोट तेवढे टेकवावे. तो ज्यांज्यांजवळ सापडला त्यांत काळवीटही निघाला. मग जुनी चित्रणे बाहेर आली आणि बाईंनी सातवा बाण तीन वेळा पाहिला. तो वळला होता. शाळकरी मुलासही दिसावे ऐसा वळला होता. त्याच दिवशी हुकूम जाहला की काळवीट यावज्जन्म हद्दपार, ज्यास प्रजा बॅन म्हणते. त्याची ढाल, पदके, पदवी सर्व जप्त. प्रजेने जैसा जयजयकार केला होता तैशाच जोराने आता शिव्या दिल्या. बाईंनी नजमास पत्र लिहिले, परंतु तिने खातेच मोडिले होते, पत्र माघारी आले. सामन्याच्या कागदांत तिचा फोन नंबर होता. बाईंनी तो काढिला, पाहिला आणि ठेवून दिला. काय बोलावे ते सुचले नाही, आणि न सुचणे सोयीचेही पडले. विजेत्यांच्या शिळेवर त्या सालापुढे जागा रिकामी राहिली.

पुढे वर्षाच्या आत बाईंच्या तुकडीत एक वैद्य दाखल जाहला. नाव पान्हा. लोकांस वाटे, जखमी माणसे पाहून यास मायेचा पान्हा फुटतो, म्हणून हे नाव घेतले असेल. त्याने कधी उलगडा केला नाही. लढाईत वैद्यास कीर्ती नाही, मागे राहावे, पडलेल्यास मलम लावावे, आणि मारणाराचे नाव व्हावे. पान्हा ते काम दोन वर्षे करीत राहिला. नवख्यांस वाटा दाखवी, चिडलेल्यांस दमाने घेई, आणि तुकडी हरली तर पहिला दोष आपणाकडे घेई. बाईंचा त्याजवर लोभ जडला. एके प्रसंगी गडास वेढा पडला असता तुकडीचा तिरंदाज पडला, आणि बाईंनी धनुष्य उचलून पान्ह्यापुढे टाकिले आणि सांगितले की, बुरुजावरचा एकच गडी उरला आहे, सोड बाण. पान्हा धनुष्यापाशी गेला आणि उभा राहिला. मग त्याने चॅटमध्ये लिहिले, "ताई, मला नाही येत." गड गेला. बाईंनी त्यास चार शब्द सुनाविले, त्याने ऐकून घेतले आणि पुन्हा मलम लावू लागला.

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, धन्यांचे फर्मान आले की, हद्दपारांपैकी ज्यांस माघारी यावयाचे असेल त्यांनी एकवार अर्ज करावा आणि मुलुखाच्या तिघा कोतवालांनी विचार करून निवाडा द्यावा. अर्ज पुष्कळ आले. कोणी लिहिले की भावाने खेळून घोटाळा केला, कोणी लिहिले की मांजर कळफलकावर बसले. त्यांत काळविटाचा अर्ज निघाला आणि तो वाचून बाई दवाखान्यात एकट्याच बसून राहिल्या. त्यात कोणावर काही ढकलले नव्हते. दोन वर्षे हरत होतो, एकदा जिंकून पाहावे म्हणून ती विद्या घेतली, मग ती सोडवेना, ऐसे लिहिले होते. आणि खाली लिहिले होते की, तुमच्या तुकडीतील पान्हा तो मीच. आमच्या कारखान्यात नट आवळायच्या हत्याराला पान्हा म्हणतात, त्यावरून नाव घेतले. हद्दपाराने दुसऱ्या नावाने शिरणे हा वेगळा गुन्हा आहे ते मला ठाऊक आहे.

तिघे कोतवाल मसलतीस बसले. पैकी एक कडवे होते. ते म्हणाले, मागच्या भिंतीवरून चढून आला आणि आता आत किती शहाणा राहिलो ते सांगतो. यास घेतले तर उद्या सारे भिंतीवरूनच येतील आणि वेशीचा दरवाजा कोणास नको होईल. दुसरे मवाळ होते. ते म्हणाले, ज्यास आत पाऊल टाकू दिले नाही त्याने सुधारलो हे दाखवावे तरी कोठे? आणि हे आपण होऊन सांगितले नसते तर आपणा तिघांस जन्मात कळते का? दोघांचेही खरे होते, आणि एक मत इकडे, एक तिकडे पडून निवाडा बाईंवर आला. बाईंनी तो लगेच दिला नाही. आठ दिवसांची मुदत मागितली, ते ऐकून दोघांसही नवल वाटले.

मग बाईंनी अंबादासास फोन केला. दोन वर्षे एका फळीत लढले, परंतु आवाज एकमेकांचा प्रथमच ऐकिला. बाईंनी विचारिले की, पान्हा म्हणून सुखात होतास, अर्ज करण्याचे कारण काय?  तो म्हणाला, "ताई, त्या वेढ्यात तुम्ही धनुष्य टाकलं ना माझ्यापुढं, मला वाटलं घ्यावं. हात शिवशिवत होता. पन मी जर मारलं असतं आन् तुम्ही शाबास म्हनला असता, तर ते कुनाला म्हनला असता? काळविटाला का पान्ह्याला? मला शाबासकी नको होती तसली." बाईंनी विचारिले, घारीची आठवण आहे का? तो म्हणाला, आहे. तिचा नंबर माझ्याजवळ नाही, आणि असता तरी लावावयाची हिंमत नव्हती. हे ऐकून बाईंस आपलीच लाज वाटली, कारण त्यांजजवळ नंबर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी दवाखान्याचे दार लोटून घेतले आणि सांगलीस फोन लाविला. मागे शिलाई मशिनांचा आवाज येत होता. बाईंनी नाव सांगितले, आणि नजमा म्हणाली, ओळखले. मग बाईंनी सातव्या बाणाचे सांगितले, आपण चित्रण न पाहता उत्तर दिले तेही सांगितले, आणि तीन वर्षे नंबर असून फोन केला नाही तेही सांगितले.  बाईंनी अखेर म्हटले की, त्याने माफी मागितली आहे, तू म्हणशील तैसा निवाडा करीन. तेव्हा नजमा मशिनांपासून बाजूला गेली आणि बोलली, "मॅडम, हे माझ्यावर नका टाकू. तेव्हा माझं ऐकायचं होतं, तेव्हा ऐकलं नाही. आता त्याला ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही बघा. दार तुमचं आहे. माफी माझी आहे. दोन्हीची एकत्र गाठ मारू नका."

बाई म्हणाल्या, बरोबर आहे. मग भीत भीत विचारिले की, माझ्यासाठी काही आहे का? नजमा म्हणाली, "त्या सालापुढं माझं नाव लावा. आणि ते उत्तर तुम्ही सगळ्यांसमोर दिलं होतं, तर चुकले हेही सगळ्यांसमोर लिहा." मग तिने फोन ठेविला.

आठव्या दिवशी निवाडा जाहला तो ऐसा. सामन्याच्या शिळेवर नाव घारीचे. काळविटाची हद्दपारी उठविली, परंतु त्याने काळवीट याच नावाने यावे, पहिल्या पायरीपासून यावे, आणि एक वर्ष धनुष्यास हात लावू नये. दुसरे नाव घेऊन शिरल्याबद्दल पान्हा हे नाव मोडिले, त्या नावाने जमविलेला मान, पदवी, दोन वर्षांची शाबासकी सर्व रद्द. खाली बाईंनी आपल्या हाते लिहिले की, घारीचा अर्ज मी न पाहता फेटाळिला, चूक माझी, सबब एक वर्ष मी कोतवाली करणार नाही. कडवे कोतवाल म्हणाले, हे आपण फारच लावून घेतले. बाई म्हणाल्या, तो एक वर्ष धनुष्याविना राहील तर मी शिक्क्याविना राहीन, काही अडत नाही. अंबादासास निवाडा कळला तेव्हा त्याने फोन केला आणि म्हणाला की, पान्ह्याला लोक ओळखतात, काळवीट म्हणून आलो तर कोणी जवळ करणार नाही. बाई म्हणाल्या, "चांगलं नाव ठेवून वाईट नावाची माफी कशी मिळेल, अंबादास? तेच नाव धुवायचंय ना?" तो म्हणाला, हो ताई.

काळवीट वेशीतून आत आला तो दिवस बरा गेला नाही. लोकांनी चोर म्हटले, कोणी त्याजवर शेण फेकण्याची खूण केली, तशीही खूण त्या राज्यात होती. ज्या तुकडीत जाई ती तुकडी त्यास काढून टाकी. ज्या नवख्यांस पान्ह्याने वाटा दाखविल्या होत्या तेच आता तोंड फिरवीत, कारण पान्हा तोच हे काहींनी मानिलेच नाही आणि काहींनी मानिले ते अधिकच रागावले. दोन महिने तो वेशीबाहेरच्या माळावर एकटा हिंडत होता. तिसऱ्या महिन्यात बाई, आता शिक्का नाही, साधी तलवार घेतलेल्या, त्याजपाशी आल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे वैद्याची जागा आहे. तुकडीतील दोघे त्या कारणे सोडून गेले. बाईंनी जाऊ दिले.

आणि त्याच सुमारास राज्यात घारीच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. नजमा त्याच नावाने नवे खाते काढून आली, शिळेवरील आपले नाव पाहिले, आणि माघारी जाईल ऐसे वाटले, परंतु राहिली. तिने पहिले काम हे केले की काळविटास आपल्या पडद्यावरून ब्लॉक केले, म्हणजे त्याचे बोलणे, नाव, आकृती तिजपुरती नाहीशी जाहली. अंबादासास हे कळले आणि तो म्हणाला, ठीक आहे. घार कोणत्याच तुकडीत शिरली नाही, मोकळी लढे, आणि नेम पूर्वीहून पक्का जाहला होता.

मग पौषमासी एका रविवारी सकाळी खिंडीत मोठी लढाई जाहली. घार उंच कड्यावरून बाण टाकीत होती आणि शत्रूने तीस घेरिले. ती पडली, आणि प्राण घटका दोन घटकांचा उरला, आणि जवळ वैद्य एकच होता. काळवीट तिजपाशी गेला आणि मलम लाविले. नजमाच्या पडद्यावर कोणी दिसले नाही. जखमेवर उजेड पडला आणि ती उभी राहिली इतकेच. तिने चॅटमध्ये लिहिले, "कोणी वाचवलं? शुक्रिया." काळविटाने काही लिहिले असते तरी तिला ते दिसले नसते, म्हणून तो उगाच उभा राहिला. तुकडीत सारे पाहत होते. बाईंच्या मनात आले की आपण गप्प राहावे, गोडीगुलाबीने जे चालले आहे ते चालू द्यावे. परंतु नजमाच्या वतीने तिचे आपणच ठरवून टाकणे हे एकदा केले होते. मग त्यांनी लिहिले, "काळविटाने."

खिंडीत लढाई चालूच होती. बऱ्याच वेळाने उत्तर आले. नजमाने लिहिले, "बरं." आणि ती पुन्हा कड्यावर चढली. ब्लॉक तिने काढिला नाही. काळवीट तिच्या कड्याखाली, तिला न दिसता, लढाई संपेपर्यंत मलम घेऊन उभा होता.

ऐसे वर्तले. राज्याने एकास पुन्हा आत घेतले, एकीने घेतले नाही, आणि तरी त्या दोघांनी मिळून एकच खिंड राखिली. जितुके घडले तितुके उतरिले, अधिक-उणे वाचणाराने पारखावे. शाई येथे सरली.