ठकुबाईंची नापास ठिणगी

डोंगरवाड्यांवर पर्यटकांसाठी चूल पेटवणाऱ्या प्रत्येकाने ‘सुरक्षित अग्निप्रज्वलन प्रमाणपत्र’ घ्यावे, अन्यथा चूल बंद समजावी, असा आदेश वेल्ह्यात आला. गड चढून येणाऱ्यांना पिठलं-भाकरी घालणाऱ्या ठकुबाईंचं घर त्या चुलीवरच चालायचं. म्हणून पंचावन्न वर्षं चूल पेटवणारी ही म्हातारी परीक्षेला खाली विंझर गावात उतरली. मीही गेलो. मला चूल पेटवता येत नाही, पण प्रमाणपत्र कशाचंही असो, आपण सोडत नाही.

प्रशिक्षक इंद्रजितसाहेबांनी प्रत्येकाला बोटाएवढी काळी कांडी आणि पोलादी पट्टी दिली. पट्टीनं कांडी खरवडली की ठिणग्या पडतात. नियम सोपे होते: भोवतालचं वाळलं गवत काढा, पाण्याची बादली जवळ ठेवा, पदर खोचा, तोंड लांब ठेवा. मात्र सभागृहात आगीला मनाई होती, आणि बाहेरचं गवत कापायला दुसऱ्या खात्याची परवानगी लागत होती. सबब प्रात्यक्षिक तोंडी घेण्याचं ठरलं.

ठकुबाईंना हे काही उमगलं नाही. त्यांनी कमरेचा विळा काढून अंगण साफ केलं, बादली भरली, पदर खोचला, कांडीवरचा काळा रंग खरवडला आणि दुसऱ्या फटक्यात नारळाची शेंडी पेटवली. वर सगळ्यांना चहा केला. साहेबांनी दोन कप घेतले आणि विनापरवाना आगीबद्दल त्यांना नापास केलं.

“पेटवा म्हणालो नव्हतो,” साहेब म्हणाले, “पेटवायला शिका म्हणालो होतो.”

मी पहिला आलो.

“रोहिदासा, चूल बंद म्हंजी माजं घरच बंद की रं,” ठकुबाई म्हणाल्या. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. प्रमाणपत्र मात्र मी घट्ट धरून होतो.

रविवारी आम्हा प्रमाणपत्रधारकांचा सत्कार पठारावर, ठकुबाईंच्या दारात ठेवला. जेवणासाठी चूल अर्थातच मी पेटवायची होती. आदेशात काडेपेटीचा उल्लेख नसल्यानं साहेबांनी ती खिशात घातली. अकरा जणांनी आळीपाळीनं कांडी खरवडली, बोटं सोलून घेतली. दोन वाजले, पोटात कावळे ओरडू लागले. कांडीवरचा रंग आधी काढायचा असतो, हे तोंडी परीक्षेत कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी मी चिडून जोर लावला, रंग निघाला, ठिणगी उडाली आणि मांडीवरच्या प्रमाणपत्रावर पडली.

ठकुबाईंची बादली भरलेलीच होती. ती त्यांनी माझ्यावर ओतली आणि चूल पेटवली.

तिसऱ्या भाकरीला साहेबांनी आदेश दुरुस्त केला: अनुत्तीर्ण व्यक्तीस प्रमाणपत्रधारकाच्या देखरेखीखाली चूल पेटवण्यास हरकत नाही. तेव्हापासून मी रोज तिथं बसून देखरेख करतो. मला दुसरी प्रत मिळाली आहे, आणि दोन वेळचं पिठलं.

हसताय? हसा की. तुमच्या इमारतीच्या जिन्यात आग विझवायचं एक लाल नळकांडं टांगलंय. त्याची पिन कुठं असते, सांगा बघू. मी थांबतो.