सहा खुर्च्यांचा शनिवार

दर शनिवारी दुपारी चार वाजता बाळारामकाका धानके आपल्या ओटीवर सहा खुर्च्या मांडतात. प्रत्येक खुर्चीशेजारी एक स्टूल, स्टुलावर काचेचा एक छोटा ग्लास. मग ते चमच्याने आपल्या ग्लासावर दोनदा टणटण करतात, ओटीच्या खांबाला कंबर टेकवून, पाय फाकवून उभे राहतात आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्यांना पुस्तकातलं एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवतात.

मी सापगावात त्यांची मागची खोली भाड्याने घेतली आणि पहिल्याच शनिवारी खिडकीतून हे पाहिलं. वाचता वाचता काका थांबले, कडेच्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "इथं लेखकानं जरा घाई केली, काय?" आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून पुढे वाचू लागले. मी मुळात घाबरट. हिंगोलीकडून इतक्या लांब आलेला, आठवीत शाळा सोडलेला, वाशिंदच्या एका कंपनीत पॅकिंगला लागलेला माणूस. पहिला विचार मनात आला तो हा, की आता दुसरी खोली कुठे शोधायची.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. "खिडकीतून काय बघतोस? सीट रिकामी आहे ना? ये, बस."

भाडेकरू घरमालकाला नाही म्हणत नाही. मी जाऊन बसलो. त्याला आता चार वर्षं होतील.

काका एसटीत कंडक्टर होते. शहापूर ते मुरबाड आणि मुरबाड ते शहापूर, नोकरीची बहुतेक वर्षं त्याच रस्त्यावर गेली. तिकिटं फाडून झाली की पुढच्या स्टॉपपर्यंत दोन पानं व्हायची. वाटेतल्या किन्हवलीपर्यंत एक प्रकरण. चालत्या गाडीत उभ्याने वाचायची सवय अशी लागली, की आजही बसून वाचायला घेतलं तर त्यांना झोप येते. गोष्टीत भांडण सुरू झालं की ते वळणावर झुकल्यासारखे एका बाजूला झुकतात. प्रकरण संपलं की ग्लासावर एकच टण. एक टण म्हणजे गाडी थांबली. मग कुणी कितीही विनवलं तरी पुढचं पान नाही. अर्थात विनवायला मी एकटाच असायचो, आणि मला विनवायची हिंमत नव्हती.

वाचनाआधी एक गाणं. टेपरेकॉर्डरचं झाकण रबराने बांधलेलं आहे, पण आवाज खणखणीत. गाणं चालू असताना बोलायची बंदी. गवई लांबलचक ताणायला लागला की काका डोळे मिटून एक हात वर धरतात. गाडीतून कुणी म्हातारं माणूस उतरत असताना ड्रायव्हरला "थांब, थांब" म्हणून दाखवतात ना, तसा. समेवर आला की हात खाली. "उतरला रे बाबा नीट," असं हळूच म्हणतात.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वाचनाऐवजी सिनेमा. नाशिकला दिलेल्या मुलीने त्यांना एक लॅपटॉप पाठवलाय. त्यावर ते कुठल्याकुठल्या बर्फाच्या देशांतले सिनेमे लावतात. दोन तासांत माणसं चार वाक्यं बोलतात, तीही आम्हा दोघांना कळत नाहीत. म्हणून काका स्वतःच बोलतात. "आता तो म्हातारा तिला सांगतोय, गो बाय, थंडी लय पडलीय, पोरांना घेऊन घरात जा." एकदा मी भीत भीत विचारलं, खरंच असं म्हणाला का? काका म्हणाले, "नसंल म्हणाला, तर म्हणायला पायजे व्हतं."

आणि जांभूळ. मुरबाडच्या बाजारातून जांभळं आणून ते बरणीत साखर घालून मुरवतात, महिनोन्‌महिने त्या बरणीला कान लावून बसतात, मग चार पदरी फडक्यातून गाळतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे अर्धा ग्लास ओतला तेव्हा मी हात जोडले. म्हटलं, काका, मी माळकऱ्याच्या घरचा, दारू नको.

"दारू नाय रे ही. जांभळाचा रसच आहे. फक्त थोडा शिकलेला."

म्हणजे माझ्यापेक्षा पुढे गेलेला. मी घोटभर घेतला. नियम असा, की जड पुस्तकाबरोबर जांभूळ आणि विनोदी पुस्तकाबरोबर करवंद. अर्ध्या ग्लासाच्या वर कुणालाही नाही, खुद्द काकांनाही नाही.

जाड पुस्तक दिसलं की मला अजून छातीत धडधडतं. पण ऐकलेलं माझ्या लक्षात राहतं. शनिवारी संध्याकाळी मी गावाकडे बायकोला फोन करतो, तर ती आधी पगाराचं विचारायची, आता "आज कुठवर आलं?" असं विचारते. मी तिला प्रकरण सांगतो. काकांनी माझ्यावर काय उपकार केलेत हे त्यांना माहीत नाही. मला तरी कुठे धड सांगता येतं?

गावातल्या लोकांना मात्र सगळी गंमत वाटायची. रस्त्यावरून जाणारे हाक मारायचे, "काय कंडक्टर, आज गाडी खालीच का?" काका म्हणायचे, "अजून टायम आहे. भरंल." आणि प्रत्येक शनिवारी वाचन संपलं की न वापरलेले पाच ग्लाससुद्धा राखेने घासून, धुऊन, पुसून ठेवायचे. मी एकदा म्हटलं, हे तर स्वच्छच आहेत. म्हणाले, "धूळ बसते रे."

तर गेल्या दिवाळीनंतरच्या एका शनिवारची गोष्ट. काका नदीकाठच्या एका बाईवरची कादंबरी वाचत होते. नवरा परागंदा झालेला, गावाचा विरोध, आणि ही बाई नवऱ्याची नाव स्वतः चालवायला घेते. मी खुर्चीवर बसलेला, काका टणटण करणार, इतक्यात दारात एक गाडी थांबली आणि पाच माणसं उतरली. पांढरी टोपी घातलेले एक मामा, एक नवरा-बायको, त्यांचा इस्त्रीच्या शर्टातला तरुण मुलगा, आणि मामांची थोरली बहीण, एक पोक्त बाई. ते थेट ओटीवर चढले.

"हेच ना घर?" मामांनी विचारलं. "मधला माणूस म्हणाला, ओटीवर खुर्च्या मांडल्या असतील तिथंच शिरा."

काकांच्या हातातला चमचा हवेतच राहिला. मग म्हणाले, "हेच, हेच. या. बसा. अजून सुरू केलं नाय."

पाच ते आणि सहावा मी. चार वर्षांत पहिल्यांदा ओटी भरली. मला वाटलं, काकांनी मुरबाडच्या बाजारात कुणाला तरी सांगितलं असणार. काकांनी आतून बरणी आणली. एक थेंब न सांडता सहाही ग्लास अर्धे भरले. पोक्त बाई घोट घेऊन म्हणाली, "सरबत जरा उग्र आहे गो, पण बरं लागतंय," आणि तिने ग्लास पुन्हा पुढे केला. काकांनी नियम मोडून तो भरला. मग गाणं झालं. पाहुणे अवघडून बसले होते, पण एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. घर सुशिक्षित दिसतंय, अशा अर्थाने.

मग काका वाचू लागले. ते नेहमी बोलतात गावचं, पण वाचताना त्यांचं मराठी एकदम कडक इस्त्रीचं होतं. त्या दिवशी तर आवाज वेगळाच लागला होता. नदीला पूर आलाय. पलीकडे तिची धाकटी जाऊ बाळंतपणात अडलीय. बाई धावत काठावर येते, तर नावेची दोरी कुणीतरी कापलेली.

इथे मुलाची आई माझ्याकडे झुकली आणि कानात म्हणाली, "अवो, मुलीला आणा ना आता बाहेर."

दोन घरं पलीकडे भेऱ्यांच्या सुमनला बघायला पाहुणे यायचे होते, हे सकाळी नळावर ऐकलेलं मला आठवलं. भेऱ्यांनी घरात सतरंजी अंथरली असणार, बाहेर खुर्च्या नाहीत. तिकडे पोहे निवत होते. तिकडे एक मुलगी साडी नेसून बसली होती. मी तोंड उघडायला हवं होतं. मी काकांकडे पाहिलं. ते एका बाजूला झुकले होते, कपाळावर घाम, आणि सहाही खुर्च्यांवरून नजर फिरवत होते. सगळीकडून त्यांना डोळे दिसत होते. मला बोलवेना. मी त्या आईला म्हणालो, "येईल हं. जरा बसा."

पंधरा मिनिटं मी तो अपराध करत राहिलो.

शेवटी भेरे स्वतःच धावत आले. "अवो पावणं, तुमी हिकडं कुठं? आमी तासभर वाट बघतोय. फोन लागं ना!"

मग एकच गोंधळ. पाहुणे उठले, चपला शोधू लागले, मुलाच्या बापाचा चेहरा लाल. मामा काकांना म्हणाले, "माफ करा हां, चुकलं आमचं." काका म्हणाले, "चुकतो स्टॉप कधी कधी. दोनच घरं पुढं." पोक्त बाईने जाता जाता उरलेला घोट संपवला.

ओटी रिकामी झाली. काका पुस्तकात बोट घालून उभेच होते. मला राहवेना. म्हटलं, काका, मला मघाशीच कळलं होतं. त्या बाईंनी मला विचारलं तेव्हाच. मी तुम्हाला सांगितलं नाही. भेऱ्यांचं स्थळ मोडलं तर माझ्यामुळे. मला खोली सोडायला सांगा, मी सोडतो.

"गप रे," काका म्हणाले. मग त्यांनी ग्लास गोळा केले. या वेळी सहाही खरकटे होते.

"मला पण कळलेलं," ते ग्लासांकडे बघत म्हणाले. "ती पोराची आय दोनदा दाराकडं बघितली ना, तवाच. म्हटलं, एवढं पान होऊ दे. मग सांगू. मग पुढचं पान आलं." शेवटचा ग्लास उचलून म्हणाले, "इतकी वरसं भरल्या गाडीत उभा होतो रे. सगळे बघायचे माझ्याकडं. पण सुट्ट्या पैशांसाठी."

भेऱ्यांकडून आवाज ऐकू येतो का, भांडण होतंय का, याकडे माझे कान. तासाभराने पाहुण्यांची गाडी निघाल्याचा आवाज आला. काकांनी लगेच मान खाली घालून टेपरेकॉर्डरचं रबर नीट करायला घेतलं.

गाडी गेली, आणि भेऱ्यांची सुमन आली. साडी तशीच, हातात झाकलेली ताटली. आम्ही दोघेही आरोपीसारखे उठून उभे राहिलो.

"कंडक्टरकाका, काय वाचत होता तुमी?" ती म्हणाली. "मला किती शिकली, काय येतं, कोणी धड विचारलंच नाय. मामा आणि त्यांची बहीण सारखी त्या नावेचंच बोलत व्हती. दोरी कोणी कापली म्हणून त्यांच्यात वाद. मुलगा म्हणाला दिरानं कापली. मी म्हटलं, दीर कशाला कापंल, त्याचीच बायको पलीकडं अडलीय ना? तर तो म्हणतो, तुला कसं माहीत? मी म्हटलं, मला काय माहीत नाय, आत्ताच तुमच्याकडून ऐकतेय."

"मग? जमलं का गो?" काकांनी घाबरत विचारलं.

"ते नंतर कळवतो म्हणाले. पण मामांनी तुमचा नंबर घेतलाय आमच्या बाबांकडून. पोहे खा, गार झालेत." आणि ती गेली.

ताटली अर्धी झाली असेल, तोच काकांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. मुरबाडच्या वाटेवरून गाडीच्या आवाजातून मामा ओरडून विचारत होते, "अवो धानके, ती पोचली का पलीकडं?"

"फोनवर सांगत नसतो मी," काका म्हणाले. "शनिवारी चारला या."

फोन ठेवला. थोडा वेळ ते हातातल्या चमच्याकडे बघत बसले. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "येतील का रे?"

मी कशाचीच खात्री देणारा माणूस नाही. पगार होईल का विचारलं तरी मी बघू म्हणतो. पण त्या दिवशी तोंडात पोह्यांचा घास असताना, जराही न थांबता मी म्हणालो, "येतील, काका."