उंच गाडी आणि अकरा मारुती

लालासाहेबांनी सेकंडहँड मोटारसायकल घ्यायची ठरवली, ती भाजी आणायला. निदान घरात तरी तसंच सांगितलं. साताऱ्याच्या विश्वजीत नावाच्या पोराकडून ते गाडी घेऊन इस्लामपुरात आले, आणि दारात उभं राहून संयोगिताबाईंनी विचारलं, "आवं, मेथीच्या दोन पेंढ्या आणायला एवढं चिखल तुडवायचं टायर कशाला?"

"ही डांबरावर पण चालती, दगडावर पण चालती," लालासाहेब म्हणाले.

"मंडईत दगड कुठं हायत?"

तेव्हा खरं बाहेर आलं. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला हा माणूस (अठ्ठावीस वर्षांत कॅनॉलच्या कडेनं जीपमधून सोडून कुठं गेला नव्हता) येत्या जूनमध्ये गाडीवरून लेहला निघाला होता. एकटा.

मग गाडीचा साजशृंगार सुरू झाला. गॅरेजवाला वीरधवल हा आत्मविश्वासानं भरलेला माणूस. लालासाहेबांनी एक मागितलं की तो तीन सुचवायचा. पुढचे शॉकअप उंच केले, मागचेही केले. हँडल वर उचललं. पुढं काच आली, गार्ड आला, दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या आल्या. शेवटी सीटवर चार बोटं फोम चढला, तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की लालासाहेबांची उंची पाच फूट तीन इंच आहे. गाडी वाढली होती, मालक होता तेवढाच राहिला होता.

"काका, टेन्शन घेऊ नका," वीरधवल म्हणाला. "चालत्या गाडीत पाय टेकायची गरजच काय?"

"आणि थांबल्यावर?"

"लेहला कोण थांबायला जातंय?"

गाडीवर बसलं की पायाच्या अंगठ्यांची टोकं तेवढी जमिनीला लागत. त्या टोकांवर सगळा डोलारा तोलून लालासाहेब हसत उभे राहायचे. संयोगिताबाई दाराची चौकट घट्ट धरून बघायच्या.

पण त्या घाबरून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांचा भांडणावर विश्वास नव्हता, नवसावर होता. सोळा सोमवारांनी मुलीचं लग्न जमलं होतं आणि संकष्टीनं बोअरला पाणी लागलं होतं. त्यांनी मारुतीपुढं हात जोडले. "अकरा शनिवार उपास करीन. अकराव्या शनिवारी समर्थांचे अकराही मारुती एका दिवसात, सूर्य बुडायच्या आत करीन. पण ह्यांचं लेह तेवढं रद्द कर." मागणं सांगितलं की नवस फळत नाही, म्हणून काय मागितलं ते घरात कुणाला बोलल्या नाहीत.

"कशाचे उपास गं?" लालासाहेबांनी विचारलं.

"तुमच्यासाठीच. शेवटच्या शनिवारी अकरा मारुती करायचे, सूर्य बुडायच्या आत," त्या म्हणाल्या. (खोटं काय होतं त्यात?)

लालासाहेबांचे डोळेच भरून आले. "मग अकरा मारुती मी करवतो तुला. ह्याच गाडीवर! लेहची ट्रायल बी होईल."

अकराव्या शनिवारी, दसरा झाल्यावर, पहाटे दोघं निघाले. एका पेटीत रुईच्या पानांच्या माळा, दुसरीत तेल आणि नारळ. चढणं सोपं होतं, संयोगिताबाई घरच्या ओट्यावरून चढल्या. पहिल्या मारुतीला, शिराळ्याला पोचल्यावर मात्र कळलं की ओटा घरीच राहिला.

"उतर."

"कुठनं उतरू? पेटी आडवी येतीया, साडी अडकतीया."

"पेटीवर पाय दे."

"तुमच्या खांद्यावर हात ठेवू?"

"ठेव. दोन्ही ठेव. हलू नको. हलू नको म्हटलं की!"

त्या उतरल्या. तेल वाहिलं, माळ घातली, परत चढल्या. त्या वेळात लालासाहेब अंगठ्यांवर उभे राहून घामाघूम. हे मनपाडळ्याला झालं, पारगावला झालं. मसूरला चार माणसं जमली आणि एक आजोबा म्हणाले, "हत्तीवरनं उतरवताय का वहिनींना?" उंब्रजला संयोगिताबाईंनी स्वतःच उंच दगड हेरला आणि शेजारी गाडी लावायला लावली. शहापूर, माजगाव, चाफळचे दोन्ही. चाफळला तर पाय आपोआप पेटीवर पडला.

आणि मध्येच कधीतरी काय झालं कोण जाणे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस डोक्याच्या वर गेलेला. सत्तावीस वर्षं संसार करून संयोगिताबाईंनी ऊस खालूनच पाहिला होता, दोन्हीकडे हिरव्या भिंती आणि मध्ये रस्ता. आज त्या उंच सीटवरून त्यांना उसाच्या वरचं दिसलं. तुरेच तुरे, त्यांच्या पलीकडं डोंगर, डोंगराच्या पलीकडं अजून डोंगर.

"आवं, ह्याच्या पलीकडं काय हाय?"

"पलीकडं गेलं की कळंल."

"आणि लेहला?"

"तिथं तर नुसते डोंगरच. बर्फ बी."

शिंगणवाडीच्या टेकडीवरून दहावा मारुती करून उतरताना त्या सारख्या वळून डोंगरच बघत होत्या. सूर्य कलला होता. राहिला होता एकच, कृष्णाकाठच्या बहे गावचा. तो झाला की नवस पुरा, आणि नवस पुरा की लेह रद्द.

"आवं, उशीर झालाय," त्या हळूच म्हणाल्या. "राहू द्या आजच्या दिवस. दहा झाले, लय झाले."

"काय बोलतीस? अकरा शनिवार उपाशी राहिलीस!"

"मारुती समजून घेईल की."

"मी न्हाई समजून घेणार! माझ्यासाठी नवस बोललीस, आणि मी पोचवू नको?" त्यांनी गिअर टाकला. "धर घट्ट."

अशी गाडी लालासाहेबांनी आयुष्यात पळवली नव्हती. संयोगिताबाई मागं बसून मनोमन म्हणत होत्या, रेल्वे फाटक लागू दे, म्हशी आडव्या येऊ देत. पण त्या दिवशी तालुक्यातल्या म्हशींनीही वाट सोडली.

बह्याला नदीकाठी पोचले तेव्हा सूर्य बोटभर उरला होता. आजूबाजूला सगळी सपाट वाळू. ना दगड, ना कट्टा.

"उडी मार!"

"आवं, पण..."

"सूर्य बुडतोय! मार!"

त्यांनी डोळे मिटून उडी मारली. गाडी एकीकडं कलली, लालासाहेबांनी ती कमरेच्या जोरावर सावरली, आणि कमरेतून 'कट्' असा आवाज आला. संयोगिताबाई वाकलेल्या नवऱ्याकडं धावल्या, तर तो तसाच वाकून ओरडला, "माझ्याकडं काय बघतीस? देवाकडं पळ!"

त्या पळाल्या. त्यांनी हात जोडले आणि सूर्य बुडाला.

डॉक्टरांनी कंबर तपासून विचारलं, "काय जड उचललंत?"

"दिवसभर संसार सावरला," लालासाहेब म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. वर्षभर दुचाकी बंद, लेह तर विसराच, असं लिहून दिलं.

घरी पालथं पडून मलम चोळून घेताना लालासाहेब म्हणाले, "लेह गेलं तर गेलं. तुझा नवस झाला, भरून पावलो. आता तरी सांग, मागितलं काय होतंस?"

संयोगिताबाईंचा हात थांबला. खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी सांगून टाकलं.

उशी हलायला लागली. लालासाहेब हसत होते, आणि प्रत्येक हसण्याला कण्हत होते. "म्हणजे मी दिवसभर माझंच लेह रद्द करायला पळत होतो?"

"मी म्हटलं होतं की, दहा लय झाले म्हणून!" त्यांनी डोळे पुसले. "तुमी काळजी करू नका. ह्या शनिवारपासनं परत धरते. अकरा उपास, अकरा मारुती. तुमची कंबर बरी हू दे, आणि ह्या जूनला न्हाई तर त्याच्या पुढच्या जूनला लेह. मागं मी. पटकन फळ देतो बघा तो."

"धर की," लालासाहेब उशीतून म्हणाले. "पण ह्या खेपेला अकराच्या अकरा यष्टीनं कर."