मुंजाजीरावांचा नाका

मुंजाजीराव बाजारातून परतले की घरात शिरण्याआधी स्वतःच्याच ओट्यासमोर थांबत. पिशवीचं तोंड उघडत, वाकून आत पाहत, हातातली लोखंडी सळई पिशवीवर एकदा टेकवत आणि म्हणत, "बराबर. जाऊ द्या." मग पिशवी उचलून आत जात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्याबरोबर दुसरं कोणी असेल म्हणून इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"स्वतःचीबी तपासणी?" मी विचारलं होतं.

"आपल्या मान्साला सोडलं की नाका बसला," ते म्हणाले.

निजामी अमलात मुंजाजीराव करोडगिरी खात्यात नाकेदार होते. इंग्रजी मुलखातून रियासतीत येणारा प्रत्येक माल नाक्यावर थांबे आणि जकात भरून पुढे जाई. भोकरदनच्या पलीकडे, वऱ्हाडच्या हद्दीला लागून त्यांचा नाका होता. तिथं त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. बायको जालन्यात, आमच्या गल्लीतल्या घरी राहिली, ते तिकडे. सणासुदीला यायचे. पेन्शन होण्याच्या आदल्या वर्षी बायको वारली. मूलबाळ नव्हतं. मूळ गाव केदारखेडा. तिथं भावांची शेती होती, पण मुंजाजीराव तिकडे गेले नाहीत. सळई, घोंगडी आणि एक ट्रंक घेऊन ते त्याच घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसले.

गल्ली पेठेच्या पाठीमागे होती. बाजाराचा गलका ऐकू येई, पण त्यातला एकही शब्द कळत नसे, इतकी ती जवळ होती आणि इतकी दूर. अकरा घरं. एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला एका व्यापाऱ्याच्या पडक्या गोदामाची भिंत. जायला आणि यायला वाट एकच, आणि त्या वाटेच्या तोंडावर पहिलं घर मुंजाजीरावांचं. नाक्याला याहून चांगली जागा सरकारलाही सापडली नसती.

जाणाऱ्याला ते अडवत नसत. येणाऱ्याला मात्र सुटका नव्हती.

"थांबा. काय आणून राह्यले?"

"मेथी, काका."

"दाखवा." मग सळईचं टोक पिशवीला. "बराबर. जाऊ द्या."

सुरुवातीला लोक चिडले. नंतर त्यांच्या लक्षात आलं की भांडायला जितका वेळ लागतो त्याच्या पावभागात पिशवी दाखवून होते. पुढे तर पाव्हणे आले की घरचे लोक आधीच सांगून ठेवत, "तोंडावर एक म्हातारे अडवतील. पिशवी उघडा, बोलू नका."

गल्लीत कासिमभाई म्हणून एक अर्जीनवीस राहत. कचेरीसमोर चटई टाकून लोकांच्या उर्दू अर्ज्या लिहून देणं हा त्यांचा धंदा. दिवसभर साहेबलोकांना 'हुजूर' लिहून कंटाळलेला हा माणूस संध्याकाळी मुंजाजीरावांवर तोंड मोकळं करी.

"नाकेदारसाब, करेले हैं. करेले में कौनसी अफीम छुपती?"

"करेल्यात न्हाई छुपत, मियाँ. करेल्याखाली छुपते."

"खुदा के वास्ते, नीचे भी करेले हैं!"

"मंग उघडायला काय झालं?"

कासिमभाई पिशवी उपडी करत, कारली ओट्यावर घरंगळत, आणि मुंजाजीराव ती एकेक करून परत भरून देत. हे आठवड्यातून दोनदा तरी होई. दोघांपैकी कोणालाही ते टाळायचं नव्हतं, असा माझा समज आहे.

एकदाच प्रकरण हातघाईवर आलं. समोरच्या घरातल्या गयाबाईंनी नवी गादी भरून आणली होती. हमालाच्या डोक्यावर गादी, मागे गयाबाई. मुंजाजीरावांनी हमालाला थांबवलं आणि कोणी काही म्हणायच्या आत सळई गादीत खुपसली.

"अहो नाकेदार! गादी हाय ती, तंबाखूची गोणी न्हाई!"

"गादीतूनच जातंय बाई सगळं. एका नवरीच्या गादीतून मी अडीच शेर अफू काढल्ती."

गयाबाईंचा राग क्षणभर मागे पडला. "नवरीच्या? तिला म्हाईत होतं?"

"नवरीला म्हाईत नव्हतं. नवऱ्यालाबी न्हाई. सासऱ्याला म्हाईत होतं."

"मंग?"

"मंग काय. लगीन झालं. सासरा लग्नाला नव्हता."

गादीचं भोक त्यांनी स्वतः शिवून दिलं. टाके बारीक आणि सरळ होते. नाक्यावर उघडलेल्या गोण्या त्यांनाच शिवाव्या लागत, असं त्यांनी सांगितलं.

पुढे गयाबाईंचे यजमान आजारी पडले. गयाबाई रोज बाजारातून काहीतरी आणायच्या आणि सवयीनं ओट्यासमोर उभ्या राहायच्या. मुंजाजीराव पिशवी उघडायला सांगत नसत. वरूनच डाळिंब दिसे, साबुदाणा दिसे. ते सळई मांडीखाली सारत आणि म्हणत, "चला, चला, जल्दी जा." यजमान बरे झाले. ज्या दिवशी पिशवीत पुन्हा वांगी आली, त्या दिवशी मुंजाजीरावांनी ती एकेक करून बाहेर काढून पाहिली. गयाबाईंनी हाताची घडी घालून सगळी तपासणी होऊ दिली.

असं बरीच वर्षं चाललं. मग एका उन्हाळ्यात त्या व्यापाऱ्यानं पडकं गोदाम पाडलं, आणि त्याबरोबर गल्लीच्या मागच्या टोकाची भिंत गेली. भिंतीपलीकडे सरळ भाजीबाजार होता. जिथं जायला वळसा घालावा लागे, तिथं आता चाळीस पावलांत पोचता येऊ लागलं.

मुंजाजीरावांना टाळायचं असं कोणी ठरवलं नाही. ऊन होतं, ओझं होतं, पाय जवळच्या वाटेनं गेले. माझेही गेले. मी तेव्हा एका जिनिंगमध्ये कारकून होतो; सकाळी कामावर जाताना पुढून जाई आणि संध्याकाळी भाजी घेऊन मागून येई. आणि जाणाऱ्याला ते काही विचारत नसत.

पहिल्या दिवशी बाजार बंद असावा असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचांग काढून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो तेव्हा त्यांनी नियम मोडून मला हाक मारली.

"ऐका हो. गल्लीतल्या लोकांनी जेवनं सोडलं काय?"

मी त्यांना भिंतीचं सांगितलं. ते उठले, गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले, मोकळ्या जागेसमोर थोडा वेळ उभे राहिले आणि परत येऊन घोंगडीवर बसले.

त्या आठवड्यात ओट्यासमोरून एक गवळी आणि एक टपालवाला गेला. टपालवाल्याची थैली त्यांनी तपासली नाही. सरकारी थैली तपासायचा अधिकार नाकेदाराला नसतो. गवळ्याच्या चरव्या मात्र ते पूर्वीपेक्षा बराच वेळ बघत. शेवटी गवळी म्हणाला, "दादा, दूध नासंल."

गयाबाईंना ते पाहवेना. एका दुपारी त्या समोरून आल्या. मी त्या दिवशी घरीच होतो.

"नाकेदार, घोंगडी उचला अन् मागं जाऊन बसा की. तिकडून येऊन राह्यलेत सगळे."

"नाका आपल्या मर्जीनं हलत न्हाई बाई. वरून हुकूम लागतो."

"अन् इथं बसायचा हुकूम कुनी दिल्ता?"

मुंजाजीरावांनी ओट्याच्या दगडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "इथं माझं घर हाय."

गयाबाईंनी ही गोष्ट कासिमभाईंना सांगितली. कासिमभाईंनी ती ऐकली, मान हलवली आणि चार दिवसांनी ओट्यावर एक कागद आणून दिला. सुंदर उर्दू हस्ताक्षर, वर सरकारी थाटाचा मायना, खाली वळणदार सही. सही कोणाची हे वाचता येत नव्हतं. लोकांच्या सोयीसाठी नाका गल्लीच्या मागच्या बाजूस हलवण्यात येत आहे; नाकेदारानं तामील करावी.

कासिमभाई, गयाबाई आणि मी उभे होतो. मुंजाजीरावांनी चष्मा लावला. कागद एकदा वाचला. पुन्हा वाचला. मग गयाबाईंना समजावं म्हणून मराठीत सांगितला, शब्द न् शब्द, जसा नाक्यावर शेतकऱ्यांना सांगत असतील तसा.

"मजमून बिलकुल बराबर है, मियाँ," ते म्हणाले. "खात्यात एवढं चांगलं कुनी लिहीत नव्हतं."

कासिमभाई नको तितके खूश दिसले.

"पर तारीख?"

"तारीख को क्या हुआ?"

"उस रोज जुम्मा था."

कासिमभाईंचा चेहरा पडला. रियासतीत शुक्रवारी कचेऱ्या बंद असत. कचेरी बंद म्हणून कासिमभाईंना सुटी; सुटी म्हणून त्या दिवशी ते घरी कागद लिहायला बसले; आणि आयुष्यभराच्या सवयीनं, लिहायला बसल्या दिवसाची तारीख कागदावर टाकून मोकळे झाले. जुम्म्याच्या दिवशी हुकूम काढणारं दफ्तर अख्ख्या रियासतीत नव्हतं.

मुंजाजीरावांनी कागदाची घडी केली आणि कासिमभाईंच्या खिशात सारली. "संभालके रखो. बाहेर निघाला तर चौकशी मलाच करावी लागंल."

कासिमभाई हसले. गयाबाईही हसल्या. मुंजाजीराव हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो पुन्हा लावायचा विसरले.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर घोंगडी नव्हती. दार लोटलेलं होतं. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही तसंच. आत माणूस आहे हे धुरावरून कळे, तेही सकाळी एकदाच.

पाचव्या दिवशी संध्याकाळी कामावरून परतताना मी मागच्या वाटेनं न येता पुढून आलो. त्या दिवशी मला बाजारात काही काम नव्हतं. दार उघडं होतं आणि मुंजाजीराव ओट्यावर बसलेले होते. सळई जवळ नव्हती. मी त्यांच्यासमोर थांबलो. पाय आपोआप थांबले.

"काय आणलं?"

"काही न्हाई."

त्यांनी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग खिशांकडे.

"मंग हिकडून कशाला आले? मागून जवळ पडतं तुम्हाला."

मी उभाच राहिलो. बाजाराकडून गलका येत होता. मुंजाजीरावांनी अंगाखालची घोंगडी ओढून अर्धी पलीकडे पसरली.

"बसा."

इतक्या वर्षांत त्यांनी गल्लीतल्या कोणाला बसा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी बसलो. ओटा घडीव दगडाचा होता. त्यांच्या बाजूचा दगड बसून बसून गुळगुळीत झाला होता. माझ्या बाजूला, घोंगडीच्या कडेला हात टेकला, तर पाथरवटाच्या टाकीचे घाव अजून बोचत होते.

"दोघांच्या मापानं बांधून घेतला," ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. "ती म्हनायची, पेन्शनीत आले की सांजच्याला इथं बसत जाऊ. मी म्हनलं, बराबर."

एक टांगा रस्त्यानं गेला. समोर गयाबाईंनी दिवा लावला, दारात येऊन आमच्याकडे पाहिलं आणि आत गेल्या.

मी उठलो तेव्हा मुंजाजीरावांनी घोंगडीची पसरलेली बाजू गोळा केली नाही. ती तशीच ठेवली.

"उद्या येता का हिकडून?" त्यांनी विचारलं.

"येतो."

"या मंग," ते म्हणाले. "काही आणू नका."