मिशाळरावाचे दोन श्रावण

श्रीजलदेवता सांभाळणार. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरीं, श्रावण दोन आले, ते सालचें वर्तमान ऐसें जे: तिसरे मजल्याचें राज्य राजश्री भालचंद्रराव करीत होते आणि दिवाणखान्यांत सहा फूट काचेचा जलदुर्ग होता. दुर्गाचा जुना किल्लेदार सोनबा, ऑस्कर जातीचा मासा, वय वर्षें अकरा. राणीसाहेब कुमुदबाई यांणीं रोज सकाळीं काचेवर बांगडी वाजवावी आणि सोनबानें धांवत येऊन त्यांचे बोटांतला दाणा घ्यावा, ऐसी वहिवाट. बाईंस मूलबाळ नव्हतें; जीव काय तो सोनबांत. दोन सालांमागें रावांस हौस सुटली आणि पेठेंतून लाल शेपटीचा, लांब मिशांचा परमुलुखींचा मासा आणविला. आला तेव्हां बोटाएवढा. दुकानदार बोलिला, पेटीपुरताच वाढतो. रावांस पटलें, कारण पटवून घ्यावयाचेंच होतें. त्यास मिशाळराव किताब दिल्हा आणि कोळंबीचा शिधा बांधून दिल्हा. दोन वर्षांत तो दीड हात जाहला. बाई म्हणाल्या, हा सोनबाकडे बरा बघत नाहीं, यास निराळी पेटी करा. राव हंसले आणि विषय तेथेंच राहिला.

इतक्यांत अधिक श्रावण लागला. रावांचे कुळीं श्रावणांत मांसमासळी उंबरठ्याआंत येत नाहीं. लोक अधिक सोडून निजच पाळितात, परंतु राव हट्टास पेटले, दोन्ही पाळूं म्हणाले. मग कोळंबी बंद जाहली आणि मिशाळरावापुढें उकडलेले वाटाणे पडूं लागले. बाईंनीं विनविलें, मुक्या जिवास कसलें सोंवळें, त्याच्यापुरती आणा. तेव्हां राव गरजले:

"आमच्या घरांत राहतो ना? मग आमचा धर्म पाळील."

वाटाणे तळाशीं कुजले, मिशाळराव तोंड लावीना, आणि अधिक मास तैसाच गेला. मग निज श्रावणांत नागपंचमी आली. जिवास इजा नको म्हणून ते दिवशीं घरांत विळीदेखील उचलली नव्हती. सकाळीं बाईंनीं बांगडी वाजविली आणि सोनबा आला नाहीं. मिशाळराव आला, पोट तट्ट फुगलेलें. आठ दिवस बांगडी वाजली नाहीं. नववे दिवशीं बाई पिशवी घेऊन बाजारीं गेल्या, भर श्रावणांत कोळंबी उंबरठ्याआंत आणिली आणि बांगडी वाजवून मिशाळरावास घातली. राव दारांत उभे होते. बाई न वळतां बोलिल्या:

"त्याचा उपास मी सोडविला. तुमचा चालूं द्या."

रावांस मेल्याहून मेल्यासारखें जाहलें. मिशाळरावाचें काय चुकलें, तो पोटाचा धर्म पाळिता जाहला, हें रावांस तेव्हां उमजलें. पण उमजून काय उपयोग! श्रावण सरला, ताटांत सुरमई आली, ती रावांनीं मागें सारिली, ते आजतागायत सारितात.

जाहलें तें येणेंप्रमाणें. व्रत रावांचें, पारणें मिशाळरावाचें, आणि गेला तो सोनबा.