सरदारची सोयरीक

घरातली भांडणं मिटवावीत तर मीच! सासू-सुनेच्या मधला माणूस म्हणून मला कुणी पुरस्कार दिला नाही, ती देणाऱ्यांची चूक. माझी पद्धत एकदम सोपी. आईला ‘हो’ म्हणायचं, बायकोलाही ‘हो’ म्हणायचं आणि पुढचं पुढे बघायचं. बारा वर्षं ही पद्धत झकास चालली. मग मध्ये जिलबी आली.

जिलबी म्हणजे आमची मांजर. रंगाने केशरी, अंगाने झुबकेदार आणि झोपली की गोल वेटोळं. ती वयात आली आणि घरात दोन पक्ष पडले.

“ऑपरेशन करून टाकू,” माझी बायको मंजुषा म्हणाली. “पिल्लं झाली की कुठे ठेवणार? तुझ्या डोक्यावर?”

“एकदा तरी आई होऊ दे गं तिला!” माझी आई म्हणाली. “मुक्या जनावराची हौस नको का?”

मी दोघींनाही ‘हो’ म्हणालो!

मंजुषाने लगेच रविवारी अकराची वेळ घेतली. आईने लगेच निफाडला फोन लावला, तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या धनराजमामाला. मामाकडे पर्शियन बोका आहे, सरदार. तोही केशरीच. मामा त्याला असा मिरवतो, जणू तालमीतला पठ्ठ्याच!

आता यातली खरी गोम सांगतो. आई आणि मामा दोन वर्षं बोलत नव्हते. मामाच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत आईचं नाव छापायचं राहिलं होतं, त्यावरून. जिलबीच्या निमित्ताने आईने दोन वर्षांत पहिल्यांदा फोन केला आणि मामा पहिल्यांदा म्हणाला, “अक्का, रविवारी येतो!” फोन ठेवून आई डोळे पुसत होती. आता तिला मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

रविवारी साडेनऊलाच मामाची गाडी पाथर्डी फाट्याच्या आमच्या रो-हाऊससमोर उभी! मामाने सरदारला कडेवर घेऊन प्रवेश केला.

“सकाळधरनं उपाशी ठेवलाय,” मामा म्हणाला. “गाडीत उलटी करतो. पण गडी तयार हाय!”

आमची जिलबीही उपाशीच होती. ऑपरेशनसाठी. दोघांना बेडरूममध्ये सोडलं. आईने पडदे ओढले, दिवा घालवला.

“अंधार कशाला?” मी विचारलं.

“लाजतील ना रे ती!” असं म्हणून आई दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. “आता दुपारपर्यंत कुणी आत जायचं नाही!”

मंजुषाने मला स्वयंपाकघरात गाठलं. “अकरा वाजायला आले.”

“अगं, पण मामा...”

“मामांना मी मटण-भाकरीत गुंतवते. बेडरूमला मागचं दार आहे. तू जिलबीला घेऊन सटक! आईंना मी संध्याकाळी समजावेन.”

मी मागच्या दाराने मांजरासारखा आत शिरलो. दार ओढून घेतलं, तर आत मिट्ट काळोख. पलंगाखाली हात घातला. लोकर लागली. ओढली. “फिस्स!” हाताला दोन ओरखडे. जिलबीने मला कधी ओरबाडलं नव्हतं. म्हटलं, नवीन नवरा पसंत पडलेला दिसत नाही! तसंच उचललं, चेनच्या पिशवीत कोंबलं आणि स्कूटरला किक मारली.

दवाखान्यात पिशवी मदतनिसाच्या हातात देतो न देतो, तोच मोबाइल वाजला. आई!

“कुठे उलथलास? मामा जेवायचा थांबलाय!”

“जरा... दही आणायला आलोय.”

“दही घरात आहे!”

“जास्तीचं!”

“उपाशी आहे ना पेशंट?” मदतनिसाने आतून विचारलं.

“हो हो, सकाळपासून!” मी फोनवर हात ठेवून ओरडलो.

थोड्याच वेळात डॉक्टर हात पुसत बाहेर आले. “झालं!”

“इतक्यात?”

“बोक्याचं काय, दहा मिनिटांचं काम.”

“डॉक्टर, आमची मांजर...”

“फॉर्मवर तुम्ही मादी लिहिलंय, मी दुरुस्त केलं. होतं असं, बऱ्याच लोकांना कळत नाही. लाजू नका!”

मदतनिसाने आणून दिलेल्या पिशवीत मी डोकावलो. आतून सरदार माझ्याकडे अर्धवट उघड्या डोळ्यांनी बघत होता. ती नजर मी जन्मात विसरणार नाही!

मामाच्या घराण्याचा मानबिंदू मी दहा मिनिटांत संपवला होता. पत्रिकेत नाव राहिलं तर दोन वर्षं अबोला. मग याला किती? माझ्या नातवंडांपर्यंत पुरला असता!

तासाभराने मी मागच्या दाराने सरदारला हळूच आत ठेवलं. कपाटावरून जिलबी खाली बघत होती. ठणठणीत. एक टाका नाही. तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि मामा आत. मागे आई. सरदार उठायला गेला, डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला आणि बसकण मारली.

“बघ अक्का!” मामा गरजला. “कसा दमलाय! ह्याला म्हणतात निफाडचं पाणी!”

आईने त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी भिंतीला टेकलो.

मामा गेल्यावर मंजुषाला सगळं सांगितलं. ती आधी जमिनीवर बसली, मग आडवी झाली आणि पोट धरून हसली. सोमवारी तिने स्वतः जिलबीला नेलं आणि काम उरकलं. जाताना दिवा लावून, नीट बघून पिशवीत घातलं!

टाके दिसल्यावर आईलाही सांगावं लागलं. तिने आधी जिलबीला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, “धनराजला कळता कामा नये. आता कुठे रोज फोन करायला लागलाय.”

बुधवारी मामीचा फोन आला. “किशोर, सरदारला विंचरत होते. काय केलं रे तुम्ही?”

मी म्हणालो, “मामी, चुकून...”

“चुकून?” मामीचा आवाज एकदम भरून आला. “देव तुझं भलं करो! तीन वर्षं मेला माझ्या पडद्यावर, गोधड्यांवर, वाळवणाच्या पापडांवर फवारे मारीत होता. ह्यांना म्हटलं की म्हणायचे, मर्दाला हात लावायचा नाय! आता ह्यांना नको सांगू. ते गावभर सोयरीक झाल्याचं सांगत फिरत्यात.”

म्हणजे मामा सोडून सगळ्यांना माहीत! मामाचा मात्र रोज संध्याकाळी फोन. “काही बातमी?” आई रोज मला फोन देऊन दुसऱ्या खोलीत जाते.

महिना झाला. परवा मामा जरा हळू आवाजात बोलला. “किशोर, एक इचारू का? राग मानू नको. अक्काला तर अजिबात सांगू नको. आमच्या सरदारबद्दल शंकाच नाय. पन... तुमच्याकडंच काही दोष हाय का?”

“हो मामा,” मी म्हणालो, “दोष आमच्याकडेच आहे.”

या सगळ्या प्रकरणात मामाशी मी खरं बोललो, ते एवढंच!